हातवाली आणि पायवाली

माझ्या उजव्या हाताबद्दल वाडीत कोणी कुजबुजलेलं मला चालत नाही. बोलायचं तर मोठ्याने बोला, माझ्या तोंडावर बोला. रोग झाला होता, चोरी केली नव्हती.

मी बारा-तेरा वर्षांची होते. हाताची कडेची दोन बोटं आधी बधिर झाली. चुलीतला निखारा लागला तरी कळेना. मग ती मुळाशी मागे उलटली आणि पुढे आत वळली, खेकड्याची नांगी वळते तशी. त्या काळी रगतपिती, म्हणजे कुष्ठरोग, म्हटलं की माणसं पाण्याचा तांब्या वेगळा ठेवायची. माझ्या बापाने, नवसूने, तांब्या वेगळा ठेवला नाही. त्याने मला आसनगावापर्यंत चालवत नेलं, गाडीत बसवलं आणि मुंबईकडच्या एका इस्पितळात नेऊन सोडलं. तिथले डॉक्टर असली वाकडी बोटं सरळ करून बघत होते. करून बघत होते, हेच खरं. होईल की नाही हे त्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं.

आम्ही पोरी-बायका तिथे रांगेने उभ्या होतो. रांगेत जी पुढे तिचा हात एका तऱ्हेने करायचा, तिच्या मागचीचा दुसऱ्या तऱ्हेने, तिच्या मागचीचा पुन्हा पहिल्यासारखा. कोणता हात जास्त टिकतो हे त्यांना बघायचं होतं. माझ्या पुढे वैशाखरे गावची बाईजा होती. मी तिला ढकललं आणि पुढे गेले. पुढे उभं राहणाऱ्याला जेवण आधी मिळतं, एवढीच अक्कल मला तेव्हा होती.

म्हणून मी हातवाली झाले. बोटाला वाकवायला आतून दोन दोऱ्या असतात. एक काढली तरी दुसरीवर भागतं. त्यांनी माझ्या अंगठीच्या बोटातली एक काढली, चिरून तिचे पदर केले आणि वाकड्या बोटांना नेऊन जोडले. बाईजाची बोटं शाबूत ठेवली. तिच्या मनगटातली दोरी घेतली, ती पुरेना म्हणून पोटरीतून आणखी एक काढून तिला जोड दिला. ती कितीतरी दिवस लंगडत होती. आम्ही त्या बायांना पायवाल्या म्हणायचो आणि हसायचो. हात धड करायला आल्या नि पाय मोडून बसल्या!

हातवाल्यांना खिडकीपाशी शिकवायचे, पायवाल्यांना बाहेर व्हरांड्यात. आमची बाई सांगायची, "अंगठीचं बोट मोडायचं मनात आण." तसं मनात आणलं की वाकड्या बोटांची मुळं हलायची. नवीन घराला जुना पत्ता सांगावा असं वाटायचं. हाताला वळण लागावं म्हणून पाटी-पेन्सिल दिली. तीच माझी शाळा. हे जे लिहितेय ते त्याच पाटीवर शिकलेलं आहे, कुणाला अक्षर आवडत नसेल तर त्याने वाचू नये.

पुढे वर्षातून एकदा बोलावणं यायचं. जायचं, रबराचा फुगा मुठीत दाबायचा, घड्याळासारख्या तबकडीवर काटा सरकायचा, फोटो निघायचा. एकदा मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "कुणाचा हात चांगला, माझा का बाईजाचा?" ते हसले. म्हणाले, "दोघींचे हात कामाचे आहेत." काही वर्षांनी बोलावणं बंद झालं. मी समजले, आता बघायला काय उरलंय, आपणच जिंकलो. या हाताने मी भाताच्या लावण्या केल्या, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, पोराला, भगीरथला, वाढवलं आणि त्याची बायको वत्सला हिला वळणावर आणलं. या सगळ्यात भाकऱ्या सोप्या गेल्या.

तर आता रुपालीचं. भगीरथची ही धाकटी पोर. आसनगावला स्टेशनाजवळ एक रक्त तपासायची लॅब आहे, तिथे काम शिकते. कोपरावर पांढुरका चट्टा आला तेव्हा तिला वाटलं, नायटा आहे. मलम लावत बसली. माझ्यापासून बाही ओढून लपवला, नाहीतर मी लांबूनच ओळखला असता. गोळ्या सुरू होईपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं वळली होती. गोळ्यांनी रोग गेला, बोटं तशीच राहिली. काचेची नळी हातातून निसटायची. सुई धरली की थरथरायची. रक्त द्यायला कोण तिच्यापुढे हात करील? लॅबच्या मालकाने सांगितलं, "ऑपरेशन करून घे. उन्हाळा संपेपर्यंत तुझी जागा ठेवतो. नंतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." वाईट बोलला नाही, खरं तेच बोलला.

ऑपरेशन ठाण्याकडे झालं. घरी आली तेव्हा तिच्या डाव्या पोटरीवर टाके बघून मी कपाळाला हात लावला. "पोरीला पायवाली केली की गो!" मला वाईटच वाटलं. पण दोरी कुठून का आणलेली असेना, शिकायची रीत एकच, असं मी धरून चालले.

प्लास्टर निघालं तेव्हा शिमगा होऊन गेला होता. खाचरांत राबाचा पालापाचोळा जळत होता आणि धूर वाडीत उतरत होता. मी रुपालीला ओट्यावर बसवलं, तिचा हात उशीवर ठेवला.

"आजी, मॅडमनी मनगट मागं उचलायला सांगितलंय. मोबाइलवर पाठवलंय बघ." मोबाइलमध्ये शहापूरच्या दवाखान्यातली योगिनी मॅडम मनगट खाली-वर करत होती. हातापायांचे व्यायाम शिकवणारी ती, दर गुरुवारी तिथे बसते. अजून तिच्या तोंडावरचं बाळसं गेलेलं नाही.

"बंद कर ते. मनगट कशाला? उडायचंय का तुला? अंगठीच्या बोटाला सांग, मोड म्हणून. बाकीची तिथूनच ऐकतात."

"पण मॅडम बोलल्या..."

"तिचा हात कधी चिरलाय? माझा चिरलाय."

भगीरथ दारातून म्हणाला, "आये, ती शिकलेली हाय."

"शिकली आसंल. कोणाच्या हातावर शिकली? माझ्यासारखीच्याच ना?"

तो आत निघून गेला. आमच्या घरात माझ्यापुढे गप्पच होतात. रुपाली जीव लावून अंगठीच्या बोटाला सांगू लागली. बोट मोडायचं, पण मधल्या पेरात. शेजारचंही त्याच्याबरोबर आत वळायचं. मुळं मात्र मागेच. पुन्हा तीच नांगी.

"मन लाव."

"लावतेय ना."

"मोबाइलात लावतेस तसं लाव."

मी तिला सकाळी बसवायचे, दुपारी बसवायचे, कावळे घरी जायच्या वेळी बसवायचे. पोर घामाघूम व्हायची आणि बोटं रोज थोडी आणखी आत वळायची. ते मला दिसत होतं. मी म्हणायचे, उद्या होईल.

गुरुवारी शहापूरला गेलो. मी दाराजवळच्या बाकावर बसले. दार उघडंच होतं. योगिनी मॅडमने रुपालीचा हात हातात घेतला आणि तिचा आवाज बदलला.

"रुपाली, हे काय? बोटं आत मोडायची नाहीत, हेच तर सांगितलं होतं मी. घरी कोण करून घेतं तुझ्याकडून?"

रुपालीने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. "कोण नाय. मीच करते."

"असंच चालू राहिलं तर नवी जोडलेली दोरी ताणून सैल होईल. मग पुन्हा हात उघडायला कोणी तयार होणार नाही, कळतंय ना? जे आहे ते आत्ताच."

माझ्या हातात पिशवी होती. तिचा बंद मी एवढा पिळला की तुटला.

परत येताना जीपमध्ये पोर खिडकीतून बाहेरच बघत होती. किन्हवलीचा बाजार आला तेव्हा मी म्हटलं, "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय सांगू? माझ्या आजीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, असं?"

जीभ माझ्यावरच गेलीय. पण त्या दिवशी ती मला लागली.

घरी आले आणि मला बसवेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. भरलेला हंडा ओतून दुसरं पाणी आणलं. चिंचा फोडायला घेतल्या तर चिंचोक्यांबरोबर दगडही उडाला. वत्सला घाबरून म्हणाली, "आत्या, बसा जरा."

"बसले तर मरेन," मी म्हटलं. "तुला घाई हाय का?"

दर थोड्या वेळाने मी पदराआड आपला हात काढून बघत होते. अंगठीच्या बोटाला सांगितलं की माझी बोटं मुळातून झुकतात. इतकी वर्षं झाली, अजून झुकतात. थोडी कमी, पण झुकतात. मग हिचीच का ऐकत नाहीत? पोरगी आळशी नाही. दोरी मेली का? का मीच काही विसरले? मॅडमला विचारावं तर ती मनगटाचं पालुपद लावणार. तिने पुस्तकात वाचलंय. मला अंगावर झालेलं माणूस हवं होतं, आणि तेही पायवाली. असं माणूस माझ्या माहितीत एकच.

बाईजाला मी काही वर्षांत भेटले नव्हते. आधी दर वर्षी म्हसा गावच्या जत्रेत गाठ पडायची. बैलबाजाराच्या कडेला बसून आम्ही दोघी हात पुढे करायचो, नव्या बांगड्या दाखवतात तशा. सुईत दोरा कोण आधी ओवते, तांदळाचा दाणा कोण उचलते. शेवटच्या खेपेस तिने माझं अंगठीचं बोट धरलं आणि म्हणाली, "सावळे, हे मधल्या पेरात मागं का कलतंय गो?" मी म्हटलं, "तुझं डोकं कलतंय," आणि उठून आले. त्यानंतर जत्रेला गेले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगायचे.

दुसऱ्या दिवशी वत्सलाला म्हटलं, औषध आणायला जाते. किन्हवलीवरून सरळगावची जीप धरली, तिथून घाटाकडे जाणारी गाडी. गाडी जागोजागी थांबत होती. ड्रायव्हर पान खायला उतरला तर मी खिडकीतून ओरडले, "ते पान घाटावर जाऊन खा!" माणसं हसली. मला हसू येत नव्हतं.

बाईजा ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. दिसतं कमी, पण पाऊल ओळखलं.

"कोण गो, पुढची का?" इस्पितळातल्या रांगेपासून ती मला पुढचीच म्हणते.

"पुढचीच. उठू नको."

"उठतंय कोण! बस. मागं कोणी नाय ना, ढकलायला?"

"तुझ्या ओटीवर जागा किती? ढकलून कुठं जाईन?"

तिने सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी कप धरून बसले. कपात एक माशी पडली, ती काढायचंही भान नव्हतं. बाईजा म्हणाली, "माशीचं कालवण करतेस का? बोल काय ते. सावळी बिनकामाची घाटाखाली यायची नाय."

"माझ्या नातीचा हात केलाय," मी म्हटलं. "तिला बी पायवाली केलीय. बोटं ऐकत नायत."

"शिकवतंय कोण?"

"मी."

"कसं?"

"कसं म्हणजे? अंगठीच्या बोटाला सांगून."

बाईजाचे हात थांबले. मग ती हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, सून पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन पुन्हा हसली.

"अगो पुढचे! माझ्या अंगठीच्या बोटाला कोणी हात तरी लावला होता का? तिथं काय हाय सांगायला? माझी दोरी मनगटाची. मनगटालाच सांगायचं. दारावर थाप मारायच्या आधी हात कसा उचलतेस? तसं उचल. बोटं आपली झुकतात."

तिने हात पुढे धरला आणि मनगट उचललं. चारही बोटं मुळातून झुकली, सरळच्या सरळ, घराच्या छपरासारखी उतरती. कुठे पेर वाकडं नाही, कुठे मागे कललेलं नाही. हात सुरकुतलेला, पण बोटं तरण्या बाईची.

मी म्हटलं, "हे तू मला कधी बोलली नायस."

"तू कधी विचारलंस? तू विचारायचीस, कोणाचा चांगला. कसा चालतो, हे कुठं विचारलंस?"

मी कपातली माशी बोटाने काढली.

बाईजाने दोन-तीन वाल सोलले. मग मान खाली ठेवूनच म्हणाली, "आणखी एक सांगते. तुला बोलावणं बंद झालं, त्याच्यानंतर ते माझ्याकडं आले होते, गाडी घेऊन. मला म्हणाले, आता आमी जास्त करून तुझ्यासारखंच करतो. बोटातली दोरी सहसा काढत नाय. मी म्हटलं का, तर म्हणाले, सुरुवातीला तो हात झकास चालतो. पण जिथून दोरी काढली ते बोट मागाहून उलटं कलतं. पकड जाते."

"मग मला का नाय सांगितलं?"

"मला काय म्हाईत? वाईट वाटंल म्हणून नसेल सांगितलं. मी बी नाय सांगितलं. जत्रेत सांगणार होते, तर तू माझ्या डोक्यावर गेलीस."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. मी उगाच तिला हाकललं.

"तू ढकललंस," बाईजा म्हणाली, "नायतर तो हात माझा होता." या वेळी ती हसली नाही.

मग वालाचं सुपडं माझ्याकडे सरकवलं. "घे, सोल. नुसती बसून राहू नको." मी सोलायला घेतले. दुसऱ्याच वालाला बोट मागे कललं आणि वाल टुणकन उडून पायरीवर गेला. बाईजाने आवाज ऐकला. तिने पुढचा वाल उचलला. ती काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीत तो रबराचा फुगा आठवला. मी दात-ओठ खाऊन दाबायचे. मागल्या खेपेपेक्षा काटा अलीकडेच थांबायचा. मी विचारायचे, किती? ते म्हणायचे, छान. आणि लिहून घ्यायचे. मला वाटायचं, कौतुक लिहितात.

शिव्या तरी कुणाला द्यायच्या? बाप मला घेऊन गेला तेव्हा हातात भाकरीचा तुकडा धरता येत नव्हता. परत आणलं त्या साली मी आईच्या बरोबरीने आवणात, भाताच्या लावणीला, उभी होते. तो हात त्यांनीच दिला. पण सांगायचं तर होतं. सावळे, तुझा हात मागं पडला, त्यावरून आम्ही शिकलो, पुढच्या पोरींना आता असं करत नाही. एवढं सांगायला काय जात होतं? मी काय रडत बसणार होते? बसले असते तर बसले असते. माझाच हात होता.

घरी पोचले तेव्हा रुपाली ओट्यावर उशी घेऊन माझी वाट बघत बसली होती. बसायची वेळ झाली होती ना. माझ्या सांगण्याला अजून मान होता त्या पोरीकडे.

"मनगट उचल," मी म्हटलं.

"आजी, तूच तर बोललीस..."

"मी चुकले. उचल."

"काय म्हणालीस?"

"दोनदा बोलणार नाय."

आतून वत्सला बाहेर आली, हातातलं भांडं तसंच. भगीरथने बिडी विझवली. जसं काही घरात भूत बोललं. रुपालीने मनगट उचललं. पण बोटांना आता माझीच खोड लागली होती. मनगट उठलं आणि बोटं आत वळली. पुन्हा उचललं, पुन्हा वळली. तिसऱ्यांदा तिने हात मांडीवर टाकला आणि तोंड फिरवलं.

गुरुवारपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. भगीरथला म्हटलं, "त्या मॅडमला फोन लाव." त्याने लावला आणि माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "उद्या कुठं असशील? तिथं येतो." ती म्हणाली, "आजी, उद्या शनिवार आहे, पण सकाळी शहापूरलाच आहे मी. या."

गेलो. या खेपेस मी बाकावर बसले नाही, आत गेले आणि टेबलापाशी उभी राहिले.

"ही त्या दिवशी खोटं बोलली," मी म्हटलं. "शिकवत मी होते. माझ्या हाताला शिकवलेलं मी हिच्या हाताला शिकवलं. हिची रीत वेगळी हाय, मला ठाऊक नव्हतं. तू सांगत होतीस, मी तुला बंद केली."

योगिनी मॅडम रागावेल असं वाटलं होतं. ती माझ्या हाताकडेच बघत होती. "आजी, तुमचं ऑपरेशन झालंय? दाखवा ना."

"आधी तिचा."

तिने रुपालीच्या बोटांना छोट्या पट्ट्या बांधल्या, मधल्या पेरात वळू नयेत म्हणून. हात टेबलाच्या कडेला टेकवला. "आता बोटांचा विचारच सोडून दे. डोळे मीट. फक्त मनगट."

मनगट उठलं. बोटं थरथरली, झुकली नाहीत.

"पुन्हा."

पुन्हा तेच. रुपालीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याने राहवेना.

"दारावर थाप मारायला उचलतेस तसं गो! तुझा बाप आत झोपलाय, तू बाहेर उन्हात उभी हायस, तुला राग आलाय!"

"हो, अगदी तसंच," मॅडम म्हणाली. "मार थाप."

मनगट झटक्याने वर गेलं आणि कडेच्या दोन बोटांची मुळं खाली आली. फार नाही. तांदूळभर. पण मुळं आली, बोटं सरळच राहिली.

"झालं?" रुपालीने डोळे उघडले.

"झालं. तेच. पुन्हा कर, घाई नको."

पदराआड माझंही मनगट वर गेलं होतं. माझी बोटं ढिम्म. त्यांना ती बोली कळत नाही.

मॅडमने मग माझा हात मागितला. मी टेबलावर ठेवला, पण बोटं मुठीत धरली.

"बघ. फोटो काढायचा तर काढ. पण मागच्यांनी बघितलं, लिहून घेतलं, मला छान म्हणून घरी धाडलं. तू बघशील ते मला सांगायचं. गोड करून नाय."

तिने माझी मूठ उघडली. एकेक बोट वाकवून बघितलं, अंगठीच्या बोटापाशी थांबली, मधलं पेर दाबलं. मग म्हणाली, "पकड कमी झालीय, आजी. हे बोट उलटं कलतंय, ते दोरी काढल्यामुळे. हे आता परत येणार नाही. कडेची दोन्ही बोटं मात्र अजून मुळातून वाकतायत, इतक्या वर्षांनी. असे जुने हात पाहूनच पुढे पद्धत बदलत गेली. आमच्या शिकण्यात हे येतं. हात कुणाचे, ते मात्र येत नाही."

"सावळी नवसू," मी म्हटलं. "लग्नाआधीचं नाव होतं. तेच लिही. आणि दुसरा हात बाईजाचा, वैशाखऱ्याची. तिचा चांगला टिकला, ते बी लिही."

शेवटचं वाक्य मला जड गेलं. पण म्हटलं.

पुढे काय, रोज मनगट. ओट्यावर मीच बसवायचे, पण समोर मोबाइल आणि माझं तोंड बंद. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. पोर थाप मारायची, मी नुसती बघायचे. आंबे उतरवायला आले तोवर पट्ट्या सुटल्या. मग वाटी धरली, मग पेन, मग भाकरीचं पीठ. पहिली भाकर तिने थापली ती कडेला फाटली. मी म्हटलं, "ही भाकर हाय का नकाशा?" ती म्हणाली, "खा गपचूप." खाल्ली.

उन्हाळा सरत आला तेव्हा एके सकाळी मी तिच्याबरोबर आसनगावला गेले. लॅबचा मालक म्हणाला, "रुपाली, आधी माझ्यासमोर एकाचं रक्त काढून दाखव. मग पेशंट देतो." खुर्च्यांवर दोन-तीन माणसं होती. तिच्या हातावरचे वण बघून एकाने आपली बाही खाली ओढली.

मी खुर्चीत बसले आणि उजवा हात पुढे केला.

"आजी, डावा दे. त्याची शीर बरी हाय."

"हाच घे."

"यात शीर सापडत नाय गो लवकर."

"मग शोध. या हातावर आजवर सगळे शिकून गेलेत. तू कुठली मोठी लागून गेलीस?"

तिने रबर बांधलं, चाचपलं. सुई धरली. तिचं मनगट जरासं वर आलं, बोटं मुळातून झुकली आणि सुईवर बसली. पहिल्यांदा चुकली. मी तिला एक शिवी दिली, मालक दचकला. ती दचकली नाही. दुसऱ्यांदा टोचली आणि नळीत लाल उतरायला लागलं.

"दुखलं?" तिने विचारलं.

"नीट बघ तिकडं," मी म्हटलं. "सांडशील."